पट्टीचे आणि बिनपट्टीचे

फराळाचे ताट शेजारी ठेवून दिवाळी अंक चाळणाऱ्या वाचकांपुढे मी यंदा एक चिकटपट्टी घेऊन उभा आहे. कागदाची, फिकट पिवळसर, इंचभर रुंद. दुकानदार तिला मास्किंग टेप म्हणतो. आमच्या भिंगारच्या गॅरेजांत नुसते 'टेप' म्हटले तरी भागते. मोटारीला यंत्राने पॉलिश करण्यापूर्वी काचांभोवतीचे रबर, दारांवरचे काळे प्लास्टिक, कंपनीचे नाव मिरवणारी अक्षरे आणि बॉनेटच्या, दारांच्या, डिकीच्या कडा या पट्टीने झाकून घ्यायच्या असतात. घ्यायच्या असतात, पण कोणी घेत नाही. माझे भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

हे भांडण क्षुल्लक वाटेल, याची मला कल्पना आहे. देशापुढे एवढे मोठमोठे प्रश्न आ वासून उभे असताना गोष्टी-कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका शाळामास्तराने मोटारीच्या रबरासाठी लेखणी झिजवावी, हे पाहून काही सज्जन चकलीचा तुकडा तसाच हातात धरून हसतील. हसोत बापडे! मोठ्या प्रश्नांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या लिहिण्यानंतरही ते प्रश्न होते तेथेच आहेत. पट्टी लावली तर रबरावर पांढरा डाग पडत नाही, ही गोष्ट मात्र कोणालाही अंगणात उभी करून दाखवता येते.

नवरात्र बसले की आमच्या पाथर्डी रस्त्याच्या कडेने गाड्या धुणाऱ्या-पुसणाऱ्यांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची. आपल्या घरी शस्त्र म्हणजे काय, तर विळी आणि खिळे उपटायची पकड! तेव्हा पूजेचा खरा मान मोटारीला. ती आरशासारखी दिसली पाहिजे आणि आजच दिसली पाहिजे, कारण उद्या सोने वाटायला सासुरवाडीस जायचे असते. मग दुकानातला पोरगा दोन बादल्या पाणी मारतो, एकाच फडक्याने छपरापासून चाकापर्यंत गाडी पुसतो, बॉनेटवर कंपाउंडचे चार लपके टाकतो आणि यंत्र सुरू करतो. यंत्राची ती लोकरी चकती मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेते. ती फिरू लागली की कंपाउंडचे शिंतोडे काचेवर, वायपरखालच्या जाळीत, रबराच्या खाचेत आणि पोराच्या नाकातोंडात सारख्याच उदारपणाने उडतात. पाऊण तासात गाडी बाहेर. मालक खूष. लगेच तिच्यावर झेंडूचा हार चढतो, हाराच्या सुतळीने ताजी चकाकी खरवडून निघते आणि बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक उमटते. पण तो विषय वेगळा आहे. एका दिवाळीला एकच भांडण पुरे.

गेल्या दसऱ्याला आमच्या शेजारच्या गृहस्थांनी आपली गाडी अशीच पॉलिश करून आणली. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतली, गडद निळ्या रंगाची, तीन वर्षांची गाडी. पहिल्या दिवशी आळीतल्या प्रत्येकाला तिच्यात आपले तोंड पाहायला मिळाले. दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि तिचे खरे रूप वर आले. खिडक्यांखालचे काळे रबर जागोजाग पांढरे पडलेले, जणू कोणी त्यावर रांगोळीचा हात पुसला आहे. मडगार्डावरचे खरखरीत काळे प्लास्टिक करड्या डागांनी भरलेले. मागच्या अक्षरांच्या फटींत पांढरा चुरा. आणि बॉनेटच्या डाव्या कडेला, जेथे पत्रा वळतो तेथे, बोटभर लांबीची एक फिकट रेघ. निळा रंग तेथे संपला होता आणि खालचे करडे प्रायमर डोकावत होते. गृहस्थ दुकानात गेले. दुकानदाराने रेघ पाहिली, रबर पाहिले आणि मग गृहस्थांच्या दंडाला धरून त्यांना बॉनेटच्या मधोमध उभे केले. म्हणाला, "अहो साहेब, ते जाऊ द्या, चमक बघा ना!"

'चमक बघा ना' या तीन शब्दांना उत्तर देण्याची आपल्याला सवय राहिलेली नाही. गृहस्थांनाही सुचले नाही. ते घरी आले आणि दुकानातून काळ्या पॉलिशची बाटली आणून तो डाग झाकत बसले. ते काळे पहिल्या पावसाच्या सरीला वाहून गेले आणि खालून पांढरे पुन्हा हजर झाले.

असे का होते, ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांची समजूत अशी आहे की रंग म्हणजे भिंतीवरच्या गिलाव्यासारखा जाडजूड थर असतो. हल्लीच्या मोटारीवरचा सगळा रंग, म्हणजे पत्र्याला गंज लागू नये म्हणून दिलेला पहिला हात, त्यावरचे प्रायमर, त्यावरचा रंग आणि सर्वांत वरचा पारदर्शक थर, हे सारे मिळून मिलिमीटरचा सुमारे दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक भरते. त्यातला जो पारदर्शक थर, ज्याला कारागीर 'क्लिअर' म्हणतात आणि ज्यात सगळी चकाकी असते, तो मिलिमीटरच्या सहस्रांशात मोजायचा: साधारण चाळीस-पन्नास. माणसाच्या डोक्याचा केस बहुधा याहून जाड असतो. पॉलिश करणे म्हणजे काही नवे चोपडणे नव्हे. ओरखड्यांच्या काठाचा हा पारदर्शक थर किंचित घासून सपाट करणे, याला पॉलिश म्हणतात. खरखरीत कंपाउंड आणि लोकरी चकती घेऊन एकदा हात फिरवला की त्या चाळीस-पन्नासांतले काही सहस्रांश कायमचे जातात. तो थर रोज उन्हाशी झुंजत असतो; फार पातळ झाला की उन्हाने फुटतो, पांढुरका होतो, सोलून निघतो. दर दसऱ्याला यंत्र फिरवून घेणारे मालक आपल्या गाडीचे आयुष्य दर दसऱ्याला पुसून टाकत असतात आणि वर बक्षिसी देतात.

हे झाले सपाट पत्र्याचे. कडेवर प्रकार आणखी नाजूक आहे. ओला रंग कडेवर ठरत नाही. सुकताना तो कडेपासून मागे ओढला जातो, त्यामुळे कडेवर रंग मुळातच पातळ असतो. उलट चकती कडेवर आली की तिचा सगळा दाब एका रेघेवर पडतो. सपाटीवर तोच दाब वीतभर जागेत वाटला जातो. रंग सर्वांत कमी आणि दाब सर्वांत जास्त, अशी ती जागा. त्यात घर्षणाची उष्णता. बंपर तर प्लास्टिकचे. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लास्टिक ती धरून ठेवते. दोन सेकंद हात रेंगाळला की रंग गेलाच. गेलेला रंग पॉलिशने परत येत नाही, रंगाऱ्याकडे जावे लागते. आणि खरखरीत प्लास्टिकचे म्हणाल तर त्याला बारीक बारीक खळगे असतात. कंपाउंडची पूड तेलकट ओलाव्यासह त्यांत जाऊन बसते आणि वाळली की साबणालाही दाद देत नाही.

यावर इलाज काय, तर ही चिकटपट्टी. तिचा जन्म मोटारीच्याच दुकानात झाला, ही हकीकत आमच्या पॉलिशवाल्यांना कोणी सांगितलेली दिसत नाही. अमेरिकेत मिनेसोटा प्रांतात सेंट पॉल नावाचे शहर आहे. तेथे सॅंडपेपर तयार करणाऱ्या एका कंपनीत रिचर्ड ड्रू नावाचा तरुण होता. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, पत्राद्वारे यंत्रविद्येचे धडे गिरवणारा, एरवी नाचाच्या कार्यक्रमांतून बॅंजो वाजवणारा. १९२३ च्या सुमारास तो नव्या सॅंडपेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवणाऱ्यांच्या दुकानात जात असे. त्या काळी दुरंगी मोटारींची हौस आली होती. एक रंग दिला, की त्यावर कागद चिकटवून दुसरा रंग द्यायचा. कागद गोंदाने नाहीतर दवाखान्यातल्या पट्टीने चिकटवत. तो काढताना खालचा नवा रंगही सोलून येई आणि रंगारी त्या कागदाला, गोंदाला आणि मोटारीच्या मालकाला शिव्यांची लाखोली वाहत. ड्रूने त्या शिव्या ऐकल्या आणि तो म्हणाला, मी यावर काही तरी करीन. त्याला दोन वर्षे लागली. मध्यंतरी वरिष्ठांनी, बाबा रे, तू आपला सॅंडपेपर पाहा, अशी तंबीही दिली. अखेर १९२५ साली सुरकुत्या पाडलेल्या कागदाची, वळणावर वळणारी आणि काढताना रंग न ओढणारी पट्टी त्याने तयार केली. आरंभीच्या एका पट्टीला गोंद फक्त दोन्ही कडांना होता. ती गळून पडली तेव्हा चिडलेल्या रंगाऱ्याने, 'गोंदात एवढा कंजूषपणा करणाऱ्या तुझ्या स्कॉच साहेबाला ही परत नेऊन दे,' असे म्हटले आणि त्यावरून त्या पट्ट्यांना स्कॉच हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे ड्रू जाणे. परंतु शंभर वर्षांपूर्वी एका बॅंजो वाजवणाऱ्याला रंगाऱ्याच्या शिव्या ऐकून जे सुचले, ते शंभर वर्षांनी आमच्या दुकानांत फळीवर धूळ खात पडते, याचा मला राग येतो.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप अनुभवी कारागिरांचा आहे आणि तो ऐटीचा आहे: "हात बसला की टेप लागत नाही. टेप शिकाऊ पोरांना." मी कारागिरीचा आदर करणारा माणूस आहे. ट्रकच्या पाठीवर लांब केसांच्या कुंचल्याने एका दमात सरळ रेघ ओढणारे रंगारी मी तासन्‌तास पाहिले आहेत. त्यांना पट्टी लावायला सांगण्याचे पाप मी करणार नाही. परंतु कुंचला माणसाच्या मनगटाचे ऐकतो. मिनिटाला दोन हजार फेरे घेणारी चकती कोणाचे ऐकते? तिला कड सापडली की ती यंत्रासकट हिसका देते, अक्षरात अडकली तर अक्षर उपटते, वायपरच्या तोटीत गुंतली तर तोटी घेऊन येते. आणि गंमत अशी की जे खरे निष्णात आहेत ते हटकून पट्टी लावतात. मराठीत निष्णात माणसाला 'पट्टीचा' म्हणतात. पट्टीचा गवई, पट्टीचा पोहणारा. हा शब्द काही चिकटपट्टीवरून आलेला नाही, हे मला ठाऊक आहे. भाषेच्या मास्तराला एवढे कळते. तरी पॉलिशवाल्यांपुरता त्याचा अर्थ बदलून घ्यायला माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. काही जाणते म्हणतात, पट्टीनेही नुकसान होते. हे खरे आहे, पण कधी? खोकी बांधायची खाकी टेप लावली तर. तिचा गोंद जहाल. ती काढताना खालचे काही तरी घेऊनच येते. वीजवाल्यांची काळी टेप लावली तर. ती मागे चिकट ओघळ ठेवते. पट्टी लावून गाडी तीन तास उन्हात ठेवली तर; गोंद भाजून निघतो आणि मग नखाने खरवडत बसावे लागते. टचअप केलेल्या, कच्च्या रंगावर लावली तर. किंवा ओल्या, धुळकट कडेवर लावली तर. मग ती चिकटतच नाही आणि चकती तिची शेपटी पकडून तिला गरगर फिरवते. नगरची धूळ काय आहे ती नगरकरांना सांगायला नको. तेव्हा आधी गाडी नीट धुवायची, कडा आणि खाचा कोरड्या करायच्या. पट्टी ताणायची नाही. ताणलेली पट्टी थोड्या वेळाने आक्रसते आणि सुटते. रबराला लावताना ती रबर पुरते झाकील आणि रंगावर चढणार नाही अशी लावायची, अंगठ्याच्या नखाने दाबत जायचे. पत्र्याच्या कडेवर मात्र ती कडेवरच बसवायची, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. काचेवर आणि जाळीवर जुने धुतलेले फडके किंवा कागद. गाडी उलटी घेताना कुंई कुंई करणारे ते डोळे, कॅमेरा, कुलपाचे भोक, हेही विसरायचे नाही. काम संपताच पट्टी काढायची, ती मागे दुमडून, हळूहळू, पत्र्याशी लगटून. झटक्याने ओढणे हे जखमेवरच्या पट्टीला ठीक. आणि पट्टीखाली राहिलेली ती चिमूटभर कड हाताने, मऊ फडक्याने पुसायची. तेथे यंत्रासारखी चकाकी येणार नाही. न येवो. चार फुटांवरून कोणाला दिसत नाही आणि चार वर्षांनी रंग जागेवर असतो.

या सगळ्याला वेळ किती लागतो? सवय झालेल्या हाताला अर्धा-पाऊण तास, नवख्याला तास. पट्टीची किंमत पाच-सहा चहांची. म्हणजे शेजारच्या गृहस्थांच्या बॉनेटला जी रंगरंगोटी पुढे करावी लागली, तिच्या खर्चात त्या गाडीला जन्मभर पुरेल एवढी पट्टी आली असती.

पण हा हिशेब दुकानदाराला मांडून दाखवला की तो तिसरा आक्षेप काढतो, आणि येथे माझी गाडी अडते. तो म्हणतो, "सर, टेपचा तास कोण देतो? गिऱ्हाईक उभं राहून घड्याळ बघतं. बाजूचा पाऊण तासात करून देतो. मी दोन तास घेतले तर गाडी बाजूच्याकडे जाणार." या म्हणण्यात खोट नाही. म्हणून, वाचकहो, दुकानदाराला झोडपता झोडपता आता छडी तुमच्याकडे वळवतो. दिवाळीच्या दिवसांत पाहुण्यांना मारू नये म्हणतात, पण तुम्ही माझे पाहुणे नाही, मीच तुमच्या घरी आलो आहे.

पॉलिश करून घेणारे तुम्ही. तासाभराचे पैसे नाकारणारे तुम्ही. गाडी परत घेताना बॉनेटच्या मध्यावर हात फिरवून मान डोलावणारे आणि रबराकडे, कडेकडे, फटीकडे एकदाही न पाहणारे तुम्ही. तुम्ही मधोमध पाहता हे दुकानदाराला पक्के माहीत आहे, म्हणून तो मधोमध चमकवतो. शाळेत परीक्षेच्या वेळी जेवढे तपासले जाते तेवढेच मुले शिकतात, हा आमचा धंद्यातला अनुभव आहे. मी इतकी वर्षे मुलांना वहीला समास सोडायला सांगतो. जो गुरुजी समास तपासत नाही त्याच्या वर्गातल्या वह्या कडेपासून कडेपर्यंत काळ्या झालेल्या असतात, आणि मग त्या गुरुजींना शेरा लिहायलाही जागा उरत नाही.

आणि हे मोटारीपुरते आहे थोडेच? दिवाळीपूर्वी घराला रंग दिला असेल त्यांनी हा अंक क्षणभर खाली ठेवून विजेच्या बटणांकडे पाहावे. बटणांच्या चौकटीवर रंग. खिडकीच्या काचेवर रंग. बिजागरीवर इतका रंग की दार कुरकुरते. वाड्यातल्या सागवानी चौकटीवर ऑइलपेंटचे ओघळ, आणि फरशीवर ठिपके, ते गृहिणी पाडव्यापर्यंत ब्लेडने काढत बसते. भिंत मात्र चकचकीत! जुन्या देवळांतल्या काळ्या पाषाणाच्या खांबांवर, कोरलेल्या मूर्तींवर भक्तिभावाने चढवलेला गुलाबी आणि पोपटी ऑइलपेंट पाहिला की तर माझे डोके फिरते. झाकायचे ते झाकले नाही आणि झाकू नये ते झाकले! या रंगाऱ्यांना कोणी वाईट म्हणू नये. त्यांना 'सायंकाळपर्यंत संपवा' असे सांगणारा कोणी तरी घरात बसलेला असतो.

आमच्या गावाची तर मला जास्तच चीड येते, कारण येथे कोणाला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. भिंगार म्हणजे लष्कराच्या छावणीला चिकटलेले गाव. नगरला चिलखती दलाचे केंद्र आहे, मोटारी आणि लष्करी वाहने पारखणारी संशोधन संस्था आहे, लूना नावाची दुचाकी ज्या गावाने साऱ्या देशाला दिली ते हेच गाव. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण गाडीवेड तेच आहे. छावणीच्या रस्त्याने कोणीही जावे. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना दिलेला असतो. पन्नास झाडे असोत, गेरू संपतो आणि चुना सुरू होतो ती रेघ ओळीने एका उंचीवर. दगडी कठड्याचे पट्टे मोजूनमापून. ते रंगवणारे हात काही स्वर्गातून आलेले नाहीत, आपल्यासारख्याच खेड्यापाड्यांतून भरती झालेले आहेत. फक्त तेथे कोणी तरी मागे उभे राहून रेघ तपासते. छावणी संपून बाजार सुरू झाला की पहिल्याच दुकानाच्या पाटीचा रंग शटरवर, शटरचा रंग पायरीवर.

१९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय येथे आहे. मुलांना घेऊन मी दर दोन-तीन वर्षांनी जातो. पासष्टच्या युद्धात पाडाव केलेला पॅटन तेथे आहे, जुनी रोल्स रॉईसची चिलखती मोटार आहे. एका मुलीने मला विचारले होते, "सर, एवढी मोठी रणगाड्यांची रांग, पण एकही चमकत कसा नाही?" मी म्हणालो, "बाई, रणगाडा चमकला तर शत्रूला लांबून दिसेल." रोल्स रॉईस हे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे महाराजांची लखलखती मोटार येते, पण लढाईला निघताना त्या गाडीनेही चकाकी घरी ठेवली. हे मी पॉलिशच्या विरुद्ध म्हणून सांगत नाही. लग्नाची गाडी चमकावी, दसऱ्याची चमकावी, मलाही आवडते. पण ज्या गावात शंभर-शंभर वर्षांची यंत्रे निगुतीने उभी आहेत, त्या गावात तीन वर्षांच्या गाडीचे रबर एका दसऱ्यात पांढरे व्हावे, हे शोभत नाही.

आणि आता मूळ दुखणे सांगतो. रबर गेले तर रबर बदलता येते. माझा खरा राग रबरासाठी नाही. माझा एक जुना विद्यार्थी अशा एका दुकानात कामाला आहे. दुकानाचे नाव घेत नाही, घेण्याचे कारणही नाही. चार दुकाने सोडून पाचव्यात गेलात तरी हेच ऐकाल. पोरगा गणितात कच्चा, पण हाताचा गुणी. चित्रकलेच्या तासाला चौकटीबाहेर रंग जाऊ द्यायचा नाही. दहावीनंतर घरची ओढगस्त, म्हणून यंत्र हातात आले. यंत्र कसे धरायचे हे त्याला कोणी शिकवले नाही. आधीच्या पोराचे पाहून तो शिकला, आणि आधीच्याने त्याच्या आधीच्याचे पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या गर्दीत एका मोठ्या गाडीच्या दाराची कड त्याच्या हातून जळाली. त्या दिवशी त्याची ती अकरावी गाडी होती. गाडीचा मालक चिडला, शेठने पोराला चार लोकांत बोलून घेतले आणि दार पुन्हा रंगवण्याचे पैसे त्याच्या पगारातून तीन महिने कापले. बोनस त्यातच गेला. त्याच्या आईने मला हे सांगितले तेव्हा तिची तक्रार शेठविरुद्ध नव्हती. पोराविरुद्ध होती, की याला एवढे नीट काम का जमू नये!

मी पोराला बोलावून विचारले, "अरे, कडेला टेप का लावली नाहीस?"

म्हणाला, "सर, टेप लावली तर शेठ ओरडतात. म्हणतात, गाडी पॉलिश करायला आणलीय का पार्सल करायला?"

म्हणजे पाहा. तास वाचवला शेठने. तो तास द्यायचा नाही म्हणून घड्याळ पाहिले गिऱ्हाइकाने. चकाकी पाहून खूष झाले दोघेही. आणि जळालेल्या कडेचे पैसे भरले कोणी, तर ज्याला पट्टी लावू दिली नाही त्या पोराने. मोटारवाल्यांच्या गोटात या गोष्टीला 'पोराची चूक' असे नाव आहे. आता कोणी मला सांगावे की हा विषय क्षुल्लक आहे म्हणून! चकली हातात धरून हसणारे सज्जन अजून हसत असतील तर त्यांनी आपल्या गाडीचे पाऊण तासात काम करून देणाऱ्या पोराचे नाव तरी मला सांगावे. बहुतेकांना ते ठाऊक नसते. त्यांना गाडीच्या रंगाचे नाव ठाऊक असते, ते इंग्रजी असते आणि त्यात कोठे तरी समुद्र किंवा मोती असतो.

तेव्हा माझे मागणे सरळ आहे. गाडी पॉलिशला द्यायची तर आठ दिवस आधी द्या, खंडेनवमीच्या सकाळी नको. दर वर्षी तर देऊच नका. दोन बादल्या, स्वच्छ पाणी, दोन मऊ फडकी आणि सावली एवढ्यावर बहुतेक गाड्यांची दिवाळी साजरी होते. द्यायचीच झाली तर पट्टीच्या तासाचे पैसे काढून द्या आणि तेथे खुर्ची टाकून बसून पट्टी लावलेली पाहा. परत घेताना मधोमध पाहू नका. वाकून रबर पाहा, दार उघडून त्याची कड पाहा, अक्षरांच्या फटी पाहा. चांगले असेल तर यंत्र धरणाऱ्याच्या हातात, शेठच्या गल्ल्यात नव्हे, काही तरी ठेवा. कड जळाली असेल तर पैसे शेठकडे मागा आणि पोराच्या पगारातून कापणार नाही, असे त्याच्याकडून वदवून घ्या. यात क्रांती वगैरे काही नाही. संध्याकाळच्या चहाआधी होण्यासारखे काम आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याने मात्र माझ्या लेखाची वाट पाहिली नाही. कापलेला पगार पुरा झाल्यावर त्याने पहिल्या महिन्यात स्वतःच्या पैशाने टेपची गुंडाळी घेतली. ती तो पॅंटच्या खिशात ठेवतो. शेठ जेवायला गेले की निदान बॉनेटच्या आणि दारांच्या कडा तरी झाकून घेतो. वर्षभरात त्याच्या हातून एकही कड गेली नाही, ही गोष्ट शेठच्याही लक्षात आली. यंदा नवरात्रात दुकानावर नवा दरफलक लागला आहे. साधे पॉलिश खाली, आणि वर मोठ्या अक्षरांत 'स्पेशल पॉलिश, टेप लावून'. त्याचे पाचशे रुपये जास्त. पोराने शेठना विचारले, "मग टेपचे पैसे?"

शेठ म्हणाले, "तू तर आणतोसच की!"